गवताचं बिऱ्हाड

"नाव कळलं. पण हे राहतं कुठं?"

हंसामाईंनी विचारलं आणि हातातली गवताची काडी मेघश्यामला परत दिली.

मेघश्याम बघतच राहिला. मघापासून तो त्या काडीबद्दलच तर बोलत होता. हे आपल्याकडचं गवत नव्हे, गिनी गवत आहे, हे त्याने पहिल्या दमातच सांगितलं होतं. पुरुषभर उंची, हातभर लांब पान, वर मोकळा सुटलेला तुरा. तुऱ्याच्या सगळ्यात खालच्या फांद्या एकाच पेरावरून चहूबाजूंनी फुटलेल्या. दाण्याचं टरफल नखाने सोललं की आत बारीक आडव्या सुरकुत्या. इतक्या खुणा एकत्र जुळल्यावर शंकेला जागाच उरत नाही.

त्याने भिंग देऊन माईंना त्या सुरकुत्या दाखवल्याही होत्या. माईंनी एक डोळा मिटून निरखून पाहिलं होतं आणि छान आहेत म्हणाल्या होत्या.

आणि आता हा प्रश्न.

"आफ्रिकेत," मेघश्याम म्हणाला. "तिकडून गुरांच्या चाऱ्यासाठी जहाजातून आणलं आपल्याकडे."

"ते त्याचं माहेर झालं," माई म्हणाल्या. "मी सासर विचारते."

ओसरीवर बसलेले दोघे-तिघे हसले. मेघश्यामला ते हसू टोचलं, पण त्याने चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मेघश्याम शेतकी कॉलेजात गवतं शिकवायचा. डोंगराच्या कुठल्याही उतारावर उभं केलं तरी पायाखालच्या पात्यांची नावं धडाधड सांगेल, असा त्याचा लौकिक होता. बायको गेली, घर खायला उठलं, वर्गात उभं राहिलं की शब्द फुटेना. मग एक दिवस तो पाटणच्या डोंगरातल्या हंसामाईंच्या या मठात आला आणि राहिला.

त्याला एकच गोष्ट हवी होती. माईंनी आपल्याला शिष्य म्हणून जवळ करावं, अनुग्रह द्यावा. बाकी काही नको.

माई नाही म्हणत नव्हत्या आणि हो तर मुळीच म्हणत नव्हत्या. विषय काढला की "बघू" म्हणायच्या आणि गोठ्याकडे निघायच्या. मेघश्यामला याचं नवल वाटे. मठात आपल्याइतकं वाचलेलं दुसरं आहे कोण, असं त्याच्या मनात येई. मग असं मनात आल्याबद्दल तो स्वतःला रागावे, आणि आपण स्वतःला रागावतो याचंही त्याला कौतुक वाटे. कपाळाला भस्म लावून अहंकार जात असता, तर भस्माला भाव आला असता.

त्यामुळे माईंचा प्रश्न ऐकून दुसऱ्याच क्षणी त्याची कळी खुलली. ही परीक्षा आहे, हे त्याने ओळखलं. मातीचं मडकं दाखवून देहाविषयी विचारणारे, दोरी दाखवून भ्रमाविषयी विचारणारे गुरू त्याने पोथ्यांत कितीदा वाचले होते. उत्तर दिलं की अनुग्रह मिळणार.

तो कामाला लागला.

मठाच्या मागे मोठं कुरण होतं. पाऊस सुरू झाला की त्याला बंदी पडायची. बंदीत गुरं जायची नाहीत की विळा लागायचा नाही. दसरा उलटून गवताचं बी जमिनीवर पडलं की माई स्वतः पहिली पेंढी कापायच्या, मग कुरण मोकळं व्हायचं. मठाच्या आणि वाडीच्या गाई त्यावरच उन्हाळा काढायच्या. हे गिनी गवत गाय कोवळं असताना आवडीने खायची, पण जून झालं की तोंड वळवायची. शिवाय ते एकदा पसरलं की खालच्या मारवेल आणि पवना या इथल्या गवतांना श्वास घेऊ देत नसे. दोन-तीन वर्षांत त्याने ओढ्याकडून हातपाय पसरले होते, आणि माई सकाळ-संध्याकाळ तिकडे बघत उभ्या राहायच्या.

मेघश्याम ओढ्याकाठी गेला, आंब्याखाली बसला, माती चिमटीत घेऊन पाहिली. जुन्या आंब्यांची दाट सावली, खाली सदाचा ओलावा, आणि तिथे हे गवत माजलेलं. पुस्तकात लिहिलेलं सगळं बरोबर होतं.

"सावलीत राहतं, माई," त्याने येऊन सांगितलं. "झाडाखाली, ओलाव्याला."

माई उठल्या. पायांत वहाणा घालून त्याला मठाच्या फाटकाशी घेऊन गेल्या. फाटकाच्या खांबाला लागून, भर उन्हात, मुरमाड जमिनीत गिनी गवताचा एक दणकट ठोंब उभा होता.

"ह्याला सावली कुणाची?"

मेघश्यामने वर मोकळ्या आभाळाकडे पाहिलं.

"पुन्ना बघ," माई म्हणाल्या. आवाजात टोचणी नव्हती, पण मेघश्यामला ती ऐकू आली.

पुढचे काही दिवस त्याने गवताकडे बघितलंच नाही. तो डोळे मिटून बसू लागला. गवत म्हणजे गवत नसणारच, असं त्याने ठरवून टाकलं. बाहेरून आलेलं, न पेरता उगवणारं, एकदा शिरलं की सगळं व्यापणारं... हे दुसरं काय असणार? उत्तर इतकं समोर होतं की त्याला आपल्या मंदपणाचं हसू आलं.

संध्याकाळची आरती झाल्यावर, सगळे बसलेले असताना, त्याने हात जोडले.

"ते मनात राहतं, माई."

माईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग बाकीच्यांकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"येडा का खुळा तू? मनातलं गवत आमच्या गाईंनी कसं खायाचं?"

या वेळी सगळी ओसरी हसली. माईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मेघश्यामचे कान तापले. तो उठून आपल्या खोलीत गेला आणि दार लावून बसला. त्याला माईंचा राग आला होता, आणि रागापेक्षाही जास्त, त्याला वाटलं की आपल्याला इथे कधीच कुणी आपलं म्हणणार नाही.

सकाळपर्यंत त्याचा निश्चय झाला. शब्दांनी होत नाही ना, मग करून दाखवू. गवत राहतं कुठे हा प्रश्नच शिल्लक ठेवायचा नाही. ते राहणारच नाही.

त्याने माईंना सांगितलं की मी हे गवत मुळासकट काढतो. माई गाईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांनी कुरणाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत.

मौन म्हणजे संमती, असं समजून मेघश्यामने कुदळ उचलली.

आश्विन लागला होता. तुरे पिकून पिवळे पडले होते. मेघश्याम पहाटे उठे आणि एकेक ठोंब खणून काढे. पात्यांच्या कडांनी हात चिरत, पाठ धरून येई. खणलेल्या गवताचे भारे बांधून तो कुरणापलीकडच्या जुन्या मुरमाच्या खाणीत नेऊन टाकी, वाळले की जाळायला. बाहेरून गाडीवाटेने जायचं तर मोठा वळसा पडे. म्हणून तो सरळ कुरणातून जाई. बंदीत गुरांना मनाई होती, विळ्याला मनाई होती. माणसाच्या पायांबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं, कारण बंदीत कुणी तिकडे फिरकतच नसे.

भारा जड झाला की तो ओढत न्यायचा. दमला की अर्ध्या वाटेवर टेकायचा, अंगावरचा कचरा झटकायचा, आणि पुन्हा निघायचा.

वाडीतली माणसं बांधावर उभी राहून बघायची. मास्तरांनी कुरण धुऊन काढलं, असं म्हणायची. मेघश्याम मान खाली घालून हसायचा. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तो फार सुखात होता.

काम संपलं तेव्हा एक ठोंब उरला नव्हता. त्याने माईंकडे पाहिलं. माई "बरं केलंस" म्हणाल्या. अनुग्रहाचं नाव काढलं नाही. तो मनाशी म्हणाला, एक पावसाळा जाऊ दे. कुरण स्वच्छ झालेलं त्यांना दिसेल, मग त्या आपणहून बोलावतील.

पुढच्या श्रावणात, एका उघडिपीच्या सकाळी, मेघश्याम कुरणाच्या वरच्या खडकावर चढला. आपलं काम उंचावरून डोळे भरून पाहावं, एवढीच इच्छा होती.

त्याने खाली पाहिलं...

कुरण फिकट हिरवं होतं. आणि त्याच्या मधोमध, ओढ्यापासून खाणीपर्यंत, एक गडद हिरवा पट्टा गेला होता. सरळ. एखाद्याने मुद्दाम पेरावा तसा.

तो कुणी पेरलाय, हे कळायला त्याला वेळ लागला नाही.

जिथे जिथे त्याने ठोंब खणले होते, तिथे त्याच गवताची गोल गोल बेटं उठली होती. आणि अर्ध्या वाटेवर, जिथे तो रोज टेकायचा, तिथे तर गच्च रान माजलं होतं.

गिनी गवताचा दाणा पिकला की हात लागताच गळतो. हे तो दर वर्षी वर्गात शिकवत होता. फळ्यावर लिहून द्यायचा, परीक्षेत विचारायचा. आणि पिकलेले भारे त्याने स्वतःच्या हातांनी कुरणाच्या काळजावरून ओढत नेले होते.

तो खडकावरून उतरला आणि त्या हिरव्या पट्ट्याच्या टोकाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. आणि आल्यापासून पहिल्यांदाच, नाव आठवायचं सोडून, त्याने गवत नुसतं बघायला सुरुवात केली.

पवन्याची दाट वीण जिथे शाबूत होती, तिथे गिनीची एक काडी नव्हती. दाणे तर तिथेही पडले असणार. पण जागाच नव्हती. एका हाताच्या अंतरावर, जिथे भाऱ्याने खरवडून माती उघडी पडली होती, तिथे कोवळी पाती गर्दी करून उभी होती. तो दुपारपर्यंत रांगत राहिला. प्रत्येक ठिकाणी तेच. मग उठून फाटकाशी गेला. गेल्या साली खणलेल्या जागी नवा कोंब होताच, आणि तो खांबासाठी उकरलेल्या मातीतच होता. ओढ्याकाठी आंबे उतरवायला माणसं जमतात, टोपल्या ठेवतात, जमीन तुडवून उघडी करतात. ते गवत आंब्याखाली होतं ते काही आंब्यासाठी नव्हतं.

त्याला उत्तर मिळालं होतं. आनंद मात्र कणभर झाला नाही.

तो खोलीत गेला, दोन धोतरं आणि भिंग पिशवीत घातलं, आणि माईंचा निरोप घ्यायला आला.

माई ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या. कणगीतलं पवन्याचं बी काढून पाखडत होत्या. दर वर्षी कुरण मोकळं झालं की थोडं बी राखून ठेवायची मठाची रीत होती. आजूबाजूला मठातली माणसं आपापल्या कामात होती.

"माई, उत्तर मिळालं."

सूप थांबलं. "कुठं राहतं?"

"मी जिथून गेलो, तिथं."

मेघश्यामने मग सगळं सांगितलं. खडकावरून काय दिसलं ते सांगितलं, फाटकाचं सांगितलं, आंब्याखालचं सांगितलं. पिकलेला दाणा गळतो हे आपल्याला ठाऊक होतं, हेही त्याने लपवलं नाही. दाट गवतात त्याचं बिऱ्हाड पडत नाही, उघड्या मातीत पडतं, आणि या कुरणाची माती मी उघडी केली, एवढं म्हणून त्याने पिशवी खांद्याला लावली.

"परीक्षेत मी नापास झालो, माई. येतो मी."

"कसली परीक्षा?"

"तुम्ही घेतलेली... हे राहतं कुठं, म्हणून विचारलं होतंत."

माईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मला ठाऊक न्हवतं, म्हणून विचारलं."

...

मेघश्याम उभाच राहिला. वर्षभर तो या एका वाक्याच्या पोटातला अर्थ शोधत होता. आणि त्याच्या पोटात काहीच नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईचं कुरण जात होतं. तिला काही कळत नव्हतं, आणि तिच्या दारात गवताचा जाणकार राहत होता, म्हणून तिने त्याला विचारलं होतं. इतकंच.

"पण मी खणत होतो," तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही गप्प राहिलात."

"मला वाटलं, तुला कळतंय." माईंनी सूप बाजूला ठेवलं. "मनात आलं हुतं माझ्या, बंदीत पाय नगं घालायला. पण म्हटलं, मास्तर हाय, शिकल्यालं माणूस. आपुन कशाला बोला. तू चालून पेरलंस, मी गप बसून पेरलं."

मठाच्या गादीवर बसलेल्या कुणी असं बोलताना मेघश्यामने कधी ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. चूक तेवढीच राहिली होती, तिचं वजन तसूभर कमी झालं नव्हतं. पण ती उचलायला आता आपण एकटे नाही, हे त्याला कळलं, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याला कुणाजवळ तरी बसावंसं वाटलं.

पिशवी खाली ठेवून तो पायरीवर बसला.

"आता काय करायचं, माई?"

इतक्या दिवसांत त्याने माईंना विचारलेला हा पहिला प्रश्न होता. आजवर त्याने फक्त उत्तरं आणली होती.

"मला काय ठावं? तूच सांग. तुरा कधी येतो त्याला?"

मेघश्यामने विचार केला. अजून अवकाश आहे, पाती कोवळी आहेत, जमीन ओली आहे, हाताने धरलं तरी मुळासकट येतील, दाणा पडायची भीती नाही, असं तो सांगत गेला. सांगता सांगता अडखळला.

"पण उपटलं की तिथली माती पुन्हा उघडी पडणार..."

ओसरीवर वारा आला आणि सुपातलं हलकं बी कडेला सरकलं.

माई उठल्या. आत जाऊन त्यांनी खुंटीवरची झोळी काढून आणली. ती त्यांची स्वतःची झोळी होती. तरुणपणी गावोगाव माधुकरी मागत फिरल्या ती हीच. तिला कुणी हात लावत नसे. ओसरीवरची माणसं हातातली कामं सोडून बघू लागली.

माईंनी सुपातलं बी ओंजळीने झोळीत भरलं. मग कोपऱ्यातला विळा घेतला, झोळीचा तळ हाताने चाचपला, आणि तिथे विळ्याचं टोक खुपसून बोटभर भोक पाडलं.

कुणीतरी "माई..." म्हणालं.

माईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी मेघश्यामला उभं केलं आणि झोळी त्याच्या खांद्याला अडकवली. भोकातून बी भुरुभुरु त्याच्या पायावर पडू लागलं. त्याने चटकन भोकाला तळवा लावला.

माईंनी त्याचा हात धरून बाजूला केला.

"माई, सगळं सांडून जाईल."

माई पुन्हा सुपाशी जाऊन बसल्या.

"उपटत चाल. रिकामी झाली की माघारी ये. कणगीत बी अजून लई हाय."